नंबर आपला, बोलणं त्यांचं

दोन्या निबिया तेचेरा संगणकावर कुठलेही नवे पान उघडण्यापूर्वी एकदा खोकत असत. सर्दीपडशाशी त्याचा काही संबंध नव्हता. पडद्याच्या तळाशी ‘आम्ही आपल्या यंत्रात कुकीज ठेवतो, सर्व मान्य करा’ अशी पट्टी आली की त्या मान किंचित बाजूला वळवून घसा साफ करत आणि मगच बटण दाबत. पहिल्या भेटीत मी हे वहीत टिपले व पुढे प्रश्नचिन्ह काढले.

माझे या ‘दोन्यां’कडे, म्हणजे बाईंकडे, जाणे कामापुरते होते. आमच्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात गावच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या चिठ्ठ्या आहेत, बुटांच्या अकरा खोक्यांत भरलेल्या. प्रत्येक ट्रंक कॉलची एक चिठ्ठी: कोणी केला, कोणाला केला, तारीख, वेळ, मिनिटे. त्यांपैकी काही चिठ्ठ्यांच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा एक ठिपका आहे. तो कशाचा, हे खात्याच्या कुठल्याही नियमपुस्तिकेत सापडत नाही. एक्स्चेंज बंद होऊन तीसहून अधिक वर्षे झाली आणि तिथे फोन जोडण्याच्या बोर्डावर बसलेल्या पाच बायकांपैकी एकच हयात होती. म्हणून रेकॉर्डर, वही आणि बेकरीतल्या बिस्कोचोंचा पुडा घेऊन मी ओलिमार नदीकडे उतरणाऱ्या त्यांच्या गल्लीत गेले.

“ठिपक्यासाठी आलीस?” माझे बोलणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या. “माणसांसाठी कुणी येत नाही हल्ली. बस, कागदबाई.”

ते नाव मला चिकटले ते चिकटलेच.

दोन्या निबियांचे वडील मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीत होते आणि वर्षातले पाच महिने घराबाहेर असत. घरात टेलिफोन नव्हता. एकोणिसाव्या वर्षी ही मुलगी एक्स्चेंजमध्ये लागली आणि एकवीस वर्षे, म्हणजे यंत्र आपोआप नंबर जोडू लागेपर्यंत, गावातले प्रत्येक बोलणे तिच्या दोन हातांमधून गेले. तिला काम शिकवणारी दोन्या ओफेलिया ही थोराड, दमेकरी बाई होती. तिने पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करून घेतले.

“नंबर आपला, बोलणं त्यांचं,” दोन्या निबियांनी मला ते म्हणून दाखवले. “प्लग खोचायचा. दोन्हीकडचं हॅलो ऐकायचं. आणि ऐकण्याचा खटका वर. खटका वर केला की ती दोघं बोलत राहतात, आपण बाहेर. कोण कोणाशी बोलतंय ते आपल्याला ठाऊक पाहिजे, चिठ्ठी लिहायची असते. काय बोलतंय ते नाही.”

“आणि एकदाही ऐकलं नाहीत?”

“एकदाही नाही.”

माझे पेन थांबले असावे.

“लिही, ‘असं बाई म्हणतात’,” त्या हसल्या. “तुझ्या तोंडावर दिसतंय ते.”

मी तसेच लिहिले.

ठिपक्याचा उलगडा दुसऱ्या भेटीत झाला आणि त्याच्याबरोबर खोकल्याचाही. लष्करी राजवटीच्या वर्षांत बोर्डाच्या टोकाला तपकिरी जाकिटातला एक माणूस येऊन बसू लागला. त्याच्या कानाला तिसरे यंत्र असे.

“नाव कधी सांगितलं नाही त्यानं. माते पण स्वतःचा आणायचा. आमच्या हातचा फिरता कप एकदाही घेतला नाही. तेवढ्यावरून ओळखावं माणूस.” त्यांनी थर्मासमधले गरम पाणी मातेच्या, म्हणजे आमच्याकडच्या कडू चहाच्या, कपात ओतून कप माझ्याकडे सरकवला. “तो काही रोज नसायचा. ज्या दिवशी असेल त्या दिवशी मी जोडण्याआधी एकदा खोकायचे. आठवड्याभरात सगळ्या गावाला कळलं. कापडवाला सोतो तर खोकला ऐकला की फक्त हवामान बोलायचा. एकदा त्यानं बायकोला अर्धा तास हवामान सांगितलं. ती म्हणाली, बाबा रे, मी पण याच देशात राहते!”

“आणि ठिपका?”

“खोकल्याची चिठ्ठी. आपल्याला नको लक्षात राहायला, कोणत्या बोलण्यात तिसरा होता ते?”

अकरा खोक्यांतील ठिपक्यांची संख्या मी नंतर त्या वर्षांशी ताडून पाहिली. विधान टिकते. वहीतले प्रश्नचिन्ह मी खोडले, पण जाता जाता विचारले, “मग आता, या संगणकासमोर कोणाला सावध करता?”

त्यांनी पट्टीकडे बोट दाखवले. “इथंही कुणीतरी बसलाय की. स्वतःच सांगतो, बसलोय म्हणून. निदान हा सांगतो.” मग जरा वेळाने म्हणाल्या, “सावध कुणाला करणार? घरात दुसरं आहे कोण?”

दुसरे कोणी नव्हते, हे अंगणातूनच कळत असे. दोन खुर्च्या होत्या, दोन्ही उन्हाने विटलेल्या. पण एकीच्याच वेताच्या बैठकीत अलीकडे बसल्याचा खड्डा होता.

दुसरी खुर्ची सुल्मा इरिगोयेनची. सुल्मा बोर्डावर दोन्या निबियांच्या उजव्या हाताला बसत. एक्स्चेंज बंद झाल्यावर दोघींनी मिळून हे घर घेतले व गाव त्यांना ‘टेलिफोनच्या बायका’ म्हणू लागले. याहून अधिक कोणी काही म्हटले नाही आणि मीही विचारले नाही. बोर्डावरची बसण्याची रीत घरातही तशीच राहिली: जेवताना, दुपारी रेडिओ ऐकताना, संध्याकाळी फुटपाथवर खुर्च्या टाकून माते पिताना निबिया डावीकडे, सुल्मा उजवीकडे.

सुल्माविषयीची एक हकीकत दोन्या निबियांनी मला तीनदा सांगितली. वादळात तारेतून येणारा कडकडाट सरळ कानात बसे, म्हणून आभाळ गडगडू लागले की ऑपरेटर कानाचे यंत्र डोक्यावर ढकलून ठेवत. एका दुपारी असेच वादळ चालू असताना नदीपलीकडच्या एका मळ्यातून फोन आला. बाई अडली होती आणि डॉक्टर फोनवरून सुइणीला काय करायचे ते सांगत होते. लाईन सारखी तुटत होती. सुल्मा पाऊण तास यंत्र कानाला लावून ती जोडणी हातांनी धरून बसली, तुटली की जोडत राहिली.

“मूल झालं. मुलगा. आता तो ट्रक चालवतो आणि भेटला की ओळख देत नाही.” हा शेवट सांगून त्या दर वेळी हसत. “सुल्मा म्हणायची, बरंय, नाहीतर माझं नाव ठेवलं असतं त्याचं.”

तिसऱ्या भेटीत त्या हसल्या नाहीत. सुल्मा गेल्या जुलैत वारल्या होत्या, हृदयविकाराने, दोन दिवसांत. दोन्या निबियांना मात्र त्या आधीचे वर्ष छळत होते.

“शेवटचं वर्षभर ती माझ्याशी बोललीच नाही म्हण. भांडण नाही, काही नाही. मी काही विचारावं आणि तिनं रस्त्याकडं बघत बसावं. कधी उत्तर दिलं तर भलतंच. मी म्हणायचे डेलियाला पाणी घालू का, ती म्हणायची हो, सोमवारी. रेडिओ लावणं सोडलं. पत्ते खेळायला जाणं सोडलं. मी दोनदा ओरडले तिच्यावर. ओरडले की बघायची माझ्याकडं आणि हसायची, जसं परक्याकडं बघून हसतो आपण.”

“डॉक्टरांना विचारलं होतंत?”

“काय विचारू? बाई माझ्यावर रुसलीय, गोळी द्या?”

जेवणाच्या टेबलावर सुल्माच्या भाच्याने दिलेला जुना लॅपटॉप होता. तो जास्त करून सुल्माच वापरत. सुल्मा गेल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्या निबियांनी वर्तमानपत्र वाचायला तो उघडला, तर कडेला मोहरीच्या रंगाची जाड लोकर दिसली. सुल्मा त्याच रंगाचे विणत. पुढे डेलियाचे कंद आले. यंत्र माणसाने पाहिलेले लक्षात ठेवते, हे दोन्या निबियांनी कुठेतरी वाचले होते. त्यांनी त्यावरून ताडले: सुल्मा जे पाहत होती ते अजून येत आहे. तेव्हापासून दुपारची झोप झाली की तीन वाजता त्या लॅपटॉपसमोर बसत, खोकत, आणि कडेला येणारे एकेक चित्र उघडून पाहत. कानात घालायची यंत्रे, गुडघ्याचे मलम, कवळीचा गोंद हे मात्र सोडून देत. म्हाताऱ्यांच्या जाहिराती सगळ्यांनाच येतात.

“आणि मग हे यायला लागलं.” त्यांनी मला दाखवले. समुद्रकाठचे एक छोटे घर, पांढरे, निळ्या दाराचे. खाली लिहिले होते: ‘एकट्या व्यक्तीसाठी, वर्षभराच्या भाड्याने.’

त्यांनी बोट काचेवर ठेवले नाही, थोडे अंतर राखून धरले.

“मला एवढंच कळायला हवंय,” त्या म्हणाल्या, “की ती जाणार होती का. मला सोडून. गप्प होती ती म्हणूनच का.”

मी संशोधक आहे. सांत्वन माझ्या कामात येत नाही आणि मला ते नीट जमतही नाही. जाहिरात हा विश्वासार्ह पुरावा नाही, असे मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा त्या घराचे चित्र उघडले असणार.

चौथी भेट ठरलेली नव्हती. मार्चच्या सुरुवातीला कोपऱ्यावरच्या विल्मार क्वाद्रोच्या किराणा दुकानात मी रांगेत उभी होते आणि दोन्या निबिया मातेची पत्ती घ्यायला आल्या. विल्मार आदल्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसची टाकी जोडून गेला होता. दुकानात पाच-सहा माणसे असली की त्याच्या जिभेला पंख फुटतात.

“या, दोन्या निबिया, या! पत्ता तरी देऊन जा,” तो ओरडला. “समुद्रावर घर बघताय म्हणे! आणि तेही एका माणसाचं. म्हणजे आम्हाला बोलावणं नाहीच.”

“तू टाकी जोडायला आला होतास की माझं वाचायला?”

“उघडंच होतं की टेबलावर! आणि लपवायचंय काय त्यात? मला बघा, येईल ती पट्टी मी ‘मान्य’ म्हणून दाबतो. माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?”

“तराजू आहे की.”

दुकान खदखदून हसले. विल्मारही हसला, तो मनाचा वाईट नाही. दोन्या निबियाही हसल्या, पण पत्तीचा पुडा गल्ल्याजवळ विसरून त्या निघून गेल्या. तो पोचवायला मी त्यांच्या मागे गेले.

त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. लॅपटॉप मिटलेला होता.

“गावापासून लपवून ठेवलेली गोष्ट एक पोरगा टाकी जोडता जोडता वाचतो,” त्या म्हणाल्या. “आणि त्याला काय बोलू? मी स्वतः आठ महिने काय करतेय? खटका खाली करून बसलेय. तिच्या लाईनवर. एकवीस वर्षं नाही केलं ते.” त्या खुर्चीत बसल्या. “यात खटका असेल ना गं? दाखव मला.”

मी लॅपटॉप उघडला. आपण ज्या पानावर जातो त्याच्याखेरीज इतर कंपन्याही त्या पानाच्या आडून आपल्या यंत्रात नोंदी ठेवतात. त्या अडवता येतात, म्हणजे इथे काय पाहिले ते तिथे कळत नाही. हे मी त्यांना सांगितले. जागा दाखवली: तीन आडव्या रेघा, सेटिंग्ज, गोपनीयता. त्यांनी लक्षपूर्वक पाहिले.

“म्हणजे तो जाकिटवाला बाहेर जाईल,” त्या म्हणाल्या, “आणि हे राहील.” त्यांचे बोट मोहरी रंगाच्या लोकरीकडे वळले होते.

तेव्हा त्यांची चूक माझ्या ध्यानात आली. बोर्डावर खटका वर केला की फक्त ऐकणारा बाहेर पडतो. जोडलेली दोघे बोलत राहतात. ज्या हातांनी एकवीस वर्षे हेच केले त्यांना दुसरे काही सुचणे कठीण होते. इथे ऐकणारा गेला की बोलणेही थांबते, कारण बोलत असतो तोच.

“हेही जाईल, दोन्या निबिया. लोकर, डेलिया, ते घर. ते सगळं तोच दाखवतोय.”

त्यांनी बोट मागे घेतले.

“आधी ठेवलेल्या नोंदी पुसायच्या की नाही, हे वेगळं ठरवता येतं,” मी म्हणाले. “त्यांची यादी आहे इथं.” आणि सवयीने, कुठलेही खोके रिकामे करण्यापूर्वी आत काय आहे ते पाहावे तशी, मी ती यादी उघडली.

प्रत्येक नोंदीपुढे ती ठेवणाऱ्याचे नाव होते, ठेवल्याची तारीख होती आणि ती आपोआप नाहीशी होण्याची तारीखही होती. पाचशेहून अधिक नोंदी. मी तारखा वाचू लागले आणि वाचता वाचता माझा हात मंदावला. लोकरीच्या दुकानाची नोंद २४ जुलैची. डेलियाच्या कंदांची ११ ऑगस्टची. समुद्रकाठच्या घराची २ सप्टेंबरची. दोन्या सुल्मा वारल्या १९ जुलैला.

सांगावे की न सांगावे, असा प्रश्न मला पडला हे मी मान्य करते. पण खोट्या कागदावर कोणाला आठ महिने जगू देणे हाही एक प्रकारचा खोटेपणाच आहे.

“दोन्या निबिया, या तारखा बघा.”

त्यांनी चष्मा लावला. मी एकेक दाखवत गेले. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, आणि हिवाळ्यात लोकरीची जाहिरात या गावात कोणालाही येते. त्यांनी ती उघडली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. घराचेही तसेच. कधीतरी एकदा कोणालाही दाखवावे तसे यंत्राने ते दाखवले; त्या घाबरून पाहत बसल्या आणि यंत्राने समजून घेतले की या बाईला समुद्रकाठी एकटीला राहायचे आहे.

“म्हणजे हे तिचं नाही.”

“नाही. ही यादी तुमची आहे.”

“आठ महिने,” त्या सावकाश म्हणाल्या, “मी माझ्याच नंबरला फोन लावत होते.”

त्या उठल्या. माते तसाच ठेवून नळ सोडला, हात धुतले, फडक्याला पुसले, पुन्हा धुतले. ती जाणार नव्हती, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी शोधत होते. तिथे तो नव्हता. घर गेले तशी लोकरही गेली होती. पाठ माझ्याकडे ठेवूनच त्यांनी विचारले, “एवढ्यात तिची एकही नाही?”

मी यादी तारखेप्रमाणे लावली. भाच्याने हिवाळ्याच्या तोंडावर येऊन यंत्र साफ केले होते, असे त्यांनीच मागे सांगितले होते. त्यामुळे १९ जुलैपूर्वीचे फारसे काही उरले नसावे, अशी माझी अटकळ होती. त्याच्या हातून सुटलेली एक नोंद मात्र उरली होती. ११ एप्रिल, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे. तेरा महिन्यांनी आपोआप जाणारी, म्हणजे तिचे नऊच आठवडे शिल्लक होते.

“एक आहे. पण तीही तुमची असू शकते. गेल्या वर्षी एप्रिलच्या अकरा तारखेला तुम्ही कुठं होता?”

उत्तर न देता त्यांनी फ्रिजच्या दाराकडे हात केला. तिथे चुंबकाखाली मोन्तेविदेओच्या इस्पितळाचा कागद होता: मोतीबिंदू, उजवा डोळा, दाखल ९ एप्रिल, घरी सोडले १४ एप्रिल. मी तो दोनदा वाचला. त्या सहा दिवसांत हे यंत्र एकाच व्यक्तीच्या हाती होते.

“तिचीच आहे,” मी म्हणाले. “सांगू कुठली?”

त्या वळल्या. मला वाटले होते त्या धावत येतील. त्या टेबलाच्या पलीकडेच उभ्या राहिल्या, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, आणि मला दिसले की त्या विचार करत आहेत तो सुल्माचा नाही, नियमाचा आहे.

“काय वाचलं तिनं, काय लिहिलं, ते दिसतं का त्यात?”

“नाही. कोणाकडे गेल्या होत्या एवढंच. आणि केव्हा.”

“म्हणजे नंबर.”

“हो. नंबरच.”

“नंबर आपला,” त्या म्हणाल्या. “सांग.”

मी सांगितले. मोन्तेविदेओमधले एक दुकान. बहिऱ्या होत चाललेल्या माणसांसाठी कानात घालायची यंत्रे विकणारे.

मग त्यांचा डावा हात वर गेला आणि स्वतःच्या डाव्या कानावर, जिथे एकवीस वर्षे यंत्राचा पट्टा बसत असे तिथे, सपाट टेकला.

“वादळाचा दिवस,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसापासून ती डाव्या कानाला बोट घालून घालून बघायची. मी म्हणायचे, मळ असेल.” थोड्या वेळाने: “हो, सोमवारी. डेलियाला पाणी घालू का, तर म्हणे हो, सोमवारी.”

“एका नोंदीवरून फार काही सिद्ध होत नाही,” मी म्हणाले. हे मला म्हणणे भागच होते.

“तुझ्या खोक्यात होत नसेल. मी डावीकडे बसायचे गं. बोर्डावर डावीकडे, जेवायला डावीकडे, बाहेर डावीकडे. पन्नास वर्षं मी त्याच बाजूनं बोलतेय तिच्याशी.” त्या खाली बसल्या. “आणि ओरडले.”

“त्यांनी सांगायला हवं होतं.”

“कोणत्या तोंडानं? ऑपरेटरला ऐकू येत नाही म्हणून? ती मेली असती तरी सांगितलं नसतं.” आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला.

ती एक नोंद राखून बाकीच्या पुसता येतील, असे मी सुचवले. निदान पडद्याचे छायाचित्र घेऊ द्या, म्हणाले. त्यात माझा व्यावसायिक लोभ होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना ते नको होते; माझी वही हवी होती. माझ्याकडून त्यांनी त्यात पूर्वीच्या चिठ्ठीप्रमाणे चार गोष्टी लिहवून घेतल्या: कोणी, कोणाला, तारीख, वेळ. मिनिटांची जागा कोरी राहिली. मग पेन माझ्या हातून घेऊन त्यांनी पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका दिला.

“या बोलण्यात तिसरी होती,” त्या म्हणाल्या. “मी.”

नंतर त्यांनी खटका स्वतः वर केला. मी फक्त कुठे दाबायचे ते दाखवले. आधी इतरांच्या कुकीज अडवण्याचे बटण. मग जुन्या नोंदी पुसण्याचे. यंत्राने विचारले, ‘नक्की?’ त्यांनी त्या शब्दाकडे बराच वेळ पाहिले आणि ‘हो’ दाबले. यादी पांढरी झाली. वर्तमानपत्राचे पान पुन्हा उघडले तेव्हा कडेला ट्रॅक्टरचे टायर होते आणि त्याखाली भांडी घासायचा साबण.

“हे कुणाचं?” त्यांनी विचारले.

“कुणाचंच नाही. सगळ्यांना दाखवतात ते.”

“बरं आहे,” त्या म्हणाल्या. आणि मला स्पष्ट ऐकू आले की बरे नव्हते. तीनची वेळ उद्याही येणार होती आणि तिच्यात ठेवायला आता टायर होते.

हे सगळे लिहिण्याची परवानगी मी नंतर रीतसर मागितली. दुकानाचे नाव घालायचे नाही, एवढीच अट त्यांनी घातली, आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘असं बाई म्हणतात’ लिही, म्हणाल्या. वहीतली ती चिठ्ठी मी अभिलेखागारात जमा केलेली नाही. ती कोणत्या खोक्यात ठेवावी, याबद्दल माझा निर्णय झालेला नाही.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी मी त्या गल्लीतून जात होते. उन्हाळा सरत आला होता, तरी लोक अजून फुटपाथवर खुर्च्या टाकून बसत होते. दोन्या निबियाही बाहेर होत्या, बगलेत थर्मास, हातात माते. शेजारी सुल्माची रिकामी खुर्ची नेहमीच्या जागी होती, भिंतीला लागून, जशी ती तीस वर्षे असे. फरक लक्षात यायला मला रस्ता ओलांडावा लागला. दोन्या निबियांनी स्वतःची खुर्ची उचलून पलीकडे, तिच्या उजव्या बाजूला मांडली होती. तिथे फुटपाथ उतरता आहे; खुर्चीचा एक पाय विटेवर टेकवून त्यांनी तोल सांभाळला होता.

विल्मार दुकानाच्या दारातून ओरडला, “दोन्या निबिया, चुकीच्या जागी बसलात!”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे वळल्या नाहीत.